मोडक्या गाडीचे दुसरे आयुष्य : वर्ध्याच्या ‘ऑक्सफर्ड’पासून डिस्पोजलच्या जीपपर्यंत

वर्ध्याच्या आठवणींत एका विचित्र वाहनाचा उल्लेख येतो. गांधीजी १९३० च्या दशकाच्या मध्यास वर्ध्यात स्थिरावले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी जवळच्या सेगावात राहावयास गेले. हेच सेगाव पुढे सेवाग्राम झाले. वर्ध्याहून तेथवरचा रस्ता काळ्या मातीचा होता. पावसाळ्यात त्या चिखलातून माणूस कसाबसा जाई, मोटार जात नसे. पाहुण्यांची ये-जा मात्र अखंड चालू होती. जमनालाल बजाज यांच्याकडील एका जुन्या फोर्ड मोटारीला तेव्हा चक्क बैल जुंपण्यात आले. ऑक्स म्हणजे बैल आणि मोटार फोर्डची, म्हणून या वाहनाचे नाव पडले ‘ऑक्सफर्ड’. विलायतेतल्या विद्यापीठाचे नाव वऱ्हाडी मातीत बैलांच्या खांद्यावर येऊन बसले.

विनोद बाजूला ठेवला, तर या गाडीत एक गंभीर गोष्ट आहे. यंत्र म्हणून निकामी ठरलेली वस्तू टाकून न देता तिचे चाक, तिची कमान, तिची बैठक यांना निराळ्या कामाला लावणे, हा विचार तीत आहे. आणि तो एकट्या वर्ध्याचा नव्हता. त्याच दशकात, जागतिक मंदीच्या तडाख्यात, कॅनडाच्या गवताळ प्रदेशातील शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेनासे झाले. त्यांनी मोटारींची इंजिने काढून ठेवली आणि पुढे घोडे जुंपले. तेथील पंतप्रधान रिचर्ड बेनेट यांच्या नावावरून लोक या गाड्यांना उपहासाने ‘बेनेट बग्गी’ म्हणू लागले. अमेरिकेत असल्याच वाहनाला राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांचे नाव चिकटले. वर्ध्यात निदान कोणा राज्यकर्त्याची चेष्टा झाली नाही, एवढाच फरक.

कॅनडाचा धागा आणखी थोडा ओढावयास हवा, कारण मोडकी गाडी विकत घेऊन हौसेने दुरुस्त करण्याच्या आजच्या छंदाचे एक ठळक रूप तिकडेच दिसते. क्वेबेक प्रांतातील जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा तरुण मेकॅनिक बर्फावरून धावणारे वाहन बनविण्याच्या खटपटीत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही, आणि तो दगावला. त्यानंतर १९३७ मध्ये बोंबार्दिएची सात माणसे वाहून नेणारी बर्फगाडी विक्रीस आली, आणि १९५९ मध्ये एकदोन माणसांची हलकी ‘स्की-डू’. मूळ नाव ‘स्की-डॉग’ ठेवावयाचे होते, छपाईच्या चुकीतून ते ‘स्की-डू’ झाले असे सांगतात.

पुढील दहा-बारा वर्षांत उत्तर अमेरिकेत स्नोमोबाइल बनविणारे शंभराहून अधिक कारखाने उभे राहिले. १९७१ च्या सुमारास वर्षाला जवळजवळ पाच लाख गाड्या विकल्या जात होत्या. मग बाजार भरला, तेलाचे संकट आले आणि बहुतेक कारखाने बंद पडले. गाड्या उरल्या, बनविणारे नाहीसे झाले. पोरक्या झालेल्या त्या यंत्रांना सुटे भाग मिळेनात, तेव्हा दोन-तीन मोडक्या गाड्या स्वस्तात घ्यावयाच्या, एकीचे काढून दुसरीला लावावयाचे आणि एक चालती करावयाची, हा मार्ग उरला. निर्माता मागे हटला की दुरुस्ती करणारा पुढे येतो. भारतातही असेच घडले. म्हैसूरचा ‘आयडियल जावा’ हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि त्यानंतरच जावा-येझदीच्या सांगाड्यांना हौशी गिऱ्हाईक मिळू लागले.

विदर्भात बर्फ नाही. वर्धा शहराला चिकटून असलेल्या सिंदी मेघेत उन्हाळ्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. (जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावे असल्याने एकाला सिंदी रेल्वे आणि दुसऱ्याला सिंदी मेघे म्हणण्याचा प्रघात आहे.) पण काळ्या मातीतला पावसाळी रस्ता आणि बर्फाने झाकलेला रस्ता यांत एक साम्य आहे : दोन्हींवर साधी मोटार रुतते. चिखलात न रुतणारी गाडी या भागाला मिळाली ती दुसऱ्या महायुद्धातून, आणि तीही बहुधा मोडक्या अवस्थेत.

ती गाडी म्हणजे जीप. तिच्या जन्माची कथा घाईची आहे. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांकडे हलक्या चारचाकी टेहळणी वाहनाचे प्रस्ताव मागविले, आणि पहिला नमुना देण्यासाठी दिवस दिले ४९. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावले. त्याने दोन दिवसांत आराखडे काढले. २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना सैन्याच्या दारात उभा होता. पुढे मोठे कंत्राट मात्र बँटमला मिळाले नाही. विलीज-ओव्हरलँडने साडेतीन लाखांहून अधिक आणि फोर्डने पावणेतीन लाखांहून अधिक जीप बनविल्या. गाडी जन्माला घालणारा बँटम ट्रेलर बनवीत राहिला.

दोन प्रतिस्पर्धी कारखान्यांत एकाच आराखड्यावरून गाड्या बनल्या, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथेचा पाया आहे. सैन्याची अटच होती की एका कारखान्याच्या गाडीचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या गाडीला बसला पाहिजे. रणांगणावर तीन मोडक्या जीपमधून एक चालती जीप उभी करता यावी, हा त्यामागचा हेतू. म्हणजे तुटणे आणि जोडले जाणे हे या यंत्राच्या रचनेतच गृहीत धरले होते. सुमारे साठ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, तीन गिअरची पेटी, चारही चाकांना जोर देणारी दुसरी छोटी पेटी, सहा व्होल्टची वीज, दारे नाहीत, सपाट पत्र्याचे मडगार्ड. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. हा मोकळेपणा नसता, तर पुढची पन्नास वर्षे खेड्यापाड्यांतील मिस्त्रींनी ही गाडी चालती ठेवली नसती.

युद्धकाळात आसाम, बंगाल आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर या गाड्या मोठ्या संख्येने आल्या. लेडोहून चीनकडे जाणारा रस्ता बांधताना त्या चिखलात राबल्या. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि प्रश्न उभा राहिला की या सगळ्याचे करावयाचे काय. समुद्रापलीकडे परत नेण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता. शिल्लक साहित्याचा मोठा साठा हिंदुस्थान सरकारकडे आला आणि सरकारच्या विल्हेवाट खात्याने तो लिलावात काढला. या खात्याच्या इंग्रजी नावातील ‘डिस्पोजल’ हा शब्द मराठीने तसाच उचलला. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचा तंबू आणि डिस्पोजलची जीप. त्या पिढीच्या तोंडी हा शब्द एखाद्या कंपनीच्या नावासारखा बसला होता. सरकारी नावात तो त्याहूनही चिवट ठरला. पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय बंद झाले ते थेट २०१७ मध्ये.

बंगालमधील पानागढ येथे युद्धकाळात दोस्तराष्ट्रांचा विमानतळ व पुरवठ्याचे ठाणे होते. त्या गावाच्या बाजारात जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकण्याचा धंदा अजून चालतो. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजाराचे नाव त्याच कारणाने झाले. विदर्भातला जीपवाला एखाद्या भागासाठी एवढ्या लांब माणूस पाठवी, आणि माणूस भाग घेऊन येईपर्यंत गाडी विटांवर उभी असे.

ही गाडी घेणारे कोण होते? जंगलाचे कंत्राटदार, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, कापसाचे व्यापारी, मोठे मालगुजार, तालुक्याच्या गावात दवाखाना चालविणारे डॉक्टर. नवी मोटार दुर्मीळ होती, आयातीवर बंधने होती, आणि नवी मिळाली तरी ती कच्च्या रस्त्याला टिकत नसे. तेव्हा मोडकी जीप विकत घेणे ही हौस नव्हती. गरजेपोटी केलेला तो सरळ व्यवहार होता. लिलावात गाडी बघून घेता येई, पण चालवून बघता येत नसे. इंजिन जाम आहे की ब्लॉकलाच तडा गेला आहे, हे घरी आणून उघडल्यावर कळे. घेणारा जुगार खेळे, आणि त्या जुगाराचा भरवसा एका माणसावर असे : गावातल्या मिस्त्रीवर.

खासगी माणसाने खेळलेला हा जुगार स्वतंत्र भारताच्या सरकारनेही खेळून पाहिला, आणि तो सपशेल हरला. १९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरमध्ये लढाई पेटली आणि सैन्याला जीपगाड्यांची निकड भासू लागली. ब्रिटनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी १९४८ मध्ये नेहमीची कार्यपद्धती बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीकडे २,००० जीपची मागणी नोंदविली. गाड्या नव्या नव्हत्या. युद्धात वापरलेल्या आणि दुरुस्त करून चालत्या केलेल्या द्यावयाच्या होत्या. प्रत्यक्षात भारताच्या किनाऱ्याला लागल्या १५५, आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे सांगून संरक्षण खात्याने नाकारल्या. मग दुसऱ्या कंपनीशी १,००७ जीपचा करार झाला. तिच्याकडून दोन वर्षांत ४९ आल्या. संसदेत गदारोळ झाला, अनंतशयनम् अय्यंगार यांच्या समितीने चौकशी केली, आणि ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारपुरते हे प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले.

हे प्रकरण सहसा भ्रष्टाचाराचा पहिला अध्याय म्हणून सांगितले जाते, आणि मग चर्चा मेनन व नेहरू यांच्यावरच थांबते. त्यातील साधी यांत्रिक बाजू दुर्लक्षित राहते. दुरुस्त गाडीचा सौदा नव्या गाडीच्या सौद्यासारखा कागदावर होऊ शकत नाही. नव्या गाडीच्या मागे कारखाना उभा असतो. जुन्या गाडीच्या मागे फक्त ती ज्याने उघडून जोडली त्याची नजर आणि त्याचा शब्द असतो. लिलावाच्या मैदानात बसकण मारून चॅसिसखाली डोकावणाऱ्या ठेकेदाराला जे ठाऊक होते, ते लंडनच्या कचेरीत सही करताना कोणाच्या ध्यानात आले नाही, किंवा आले असले तरी त्याचे महत्त्व वाटले नाही.

दरम्यान मुंबईत जीपची दुसरी वाट तयार होत होती. कैलासचंद्र महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुख होते आणि तेथे ही गाडी त्यांनी जवळून पाहिली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र व कैलासचंद्र हे दोघे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दुसऱ्यांदा ‘महिंद्रा’ आले. आद्याक्षरे तीच राहिल्यामुळे जुनी कागदपत्रे बदलण्याचा खर्च वाचला, असे गमतीने म्हटले जाते. १९४० चे दशक संपण्यापूर्वीच माझगावला सुट्या भागांतून विलीज जीपची जुळणी सुरू झाली होती.

अमेरिकी सैन्याची जीप डावीकडच्या स्टीअरिंगची. महिंद्राच्या जीपही बराच काळ तशाच राहिल्या. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात ड्रायव्हर डाव्या कडेला बसे, आणि पुढच्या ट्रकला ओलांडावयाचे असेल तर शेजारच्या माणसाला मान बाहेर काढून ‘जाऊ द्या’ म्हणावे लागे. मागून येणाऱ्याला सावध करण्यासाठी ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी पाटी गाडीच्या पाठीवर रंगविलेली असे. एका परक्या सैन्याची सवय नागपूर-वर्धा रस्त्यावर अशी कितीतरी वर्षे वावरली.

युद्धातली गाडी आणि माझगावची गाडी एकाच वंशाच्या असल्यामुळे भागांची देवाणघेवाण होऊ लागली. येथून मिस्त्रीचे खरे कर्तृत्व सुरू होते, आणि या कर्तृत्वाची नोंद जवळजवळ कोणीच ठेवलेली नाही. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमुळे वर्धा, हिंगणघाट, पुलगाव या गावांत लेथ, भट्टी आणि फिटर हे मोटारीच्या आधीपासून होते. वाफेच्या इंजिनाची बेअरिंग ओतणारा हात मोटारीच्या बेअरिंगकडे वळला. पुढे एसटीच्या कार्यशाळांतून आणि आयटीआयमधून शिकलेली माणसे त्यांत मिसळली. पण कसब प्रामुख्याने गॅरेजच्या जमिनीवरच हाताखाली शिकले गेले. पोरगा आधी पाने धुई, मग पाने देई, मग पाना धरी.

या मंडळींनी जीपचे काय केले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. ताडपत्रीचे छप्पर पहिल्या पावसातच गळू लागे. तेथे पत्र्याचे छत आले. चार माणसांच्या गाडीत दहा माणसे बसावीत म्हणून मागे समोरासमोर दोन लाकडी बाक बसले, आणि त्यासाठी मागचा पत्रा कापून लांबविला गेला. सहा व्होल्टचे दिवे रात्री मिणमिणत. तेथे बारा व्होल्टची वायरिंग झाली. पिस्टन झिजले, सिलिंडर मोठे करून घेतले, पुन्हा झिजले, पुन्हा मोठे केले, आणि ब्लॉकमध्ये कापण्यासारखे लोखंड उरले नाही तेव्हा स्लीव्ह बसविली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल न परवडण्याजोगे महागले. ज्या इंजिनावर रणांगणात भरवसा ठेवला गेला होता ते गॅरेजच्या कोपऱ्यात पडले आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. त्याचे वजन अधिक, म्हणून पुढच्या कमानीत जादा पट्टी. त्याचा हादरा अधिक, म्हणून चॅसिसला जागोजागी वेल्डिंगचा टाका. महिंद्राने स्वतः १९८० च्या दशकात प्यूजो जातीचे डिझेल इंजिन घालून ‘एमएम ५४०’ आणली, तेव्हा खेड्यातले मिस्त्री या दिशेने आधीच बरेच पुढे गेले होते.

एखादी जीप या प्रवासात सैन्याची हिरवी, ठेकेदाराची करडी, वडापची पांढरी, निवडणुकीत कर्णे बांधलेली आणि लग्नात फुलांच्या माळा घातलेली अशी सगळी रूपे घेई. तिचे मूळ किती उरले, हा प्रश्न त्या काळात कोणी विचारला नाही. गाडी चालते की नाही, एवढाच प्रश्न होता.

आता थोडे वर्ध्याच्या दुसऱ्या वाहन-वारशाविषयी, कारण मोडकी गाडी घेऊन दुरुस्त करण्याचा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो जीपमुळे नव्हे, स्कूटरमुळे. जमनालाल बजाज यांना दत्तक घेणारे घराणे वर्ध्याचे शेठ बच्छराज यांचे. १९४५ मध्ये या घराण्याने ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ काढली, १९४८ पासून ती दुचाक्या व तीनचाक्या आयात करून विकू लागली, आणि तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. ज्या कुटुंबाच्या मोटारीला बैल जुंपले गेले, त्याच कुटुंबाने पुढे अर्ध्या देशाला स्कूटरवर बसविले. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. मागणी इतकी की नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. प्रतीक्षा दहा वर्षांवर गेल्याची उदाहरणे आहेत. सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ त्याच घडणीची.

या टंचाईने एक सबंध पिढी मेकॅनिक झाली. नवी मिळत नाही तर जुनी मरू द्यावयाची नाही, हे ओघानेच आले. प्लग काढून पॉलिश कागदाने घासणे, पॉइंटमधली फट पाहणे, कार्बोरेटरमध्ये फुंकर मारणे, आणि काहीच न चालल्यास स्कूटर एका अंगावर कलती करून पुन्हा उभी करणे व किक मारणे, ही कामे शिक्षक, कारकून, पोस्टमास्तर सगळेच करीत. डिकीत पान्यांची पिशवी आणि मागे स्टेपनी. (हा शब्दही वाटेत सापडलेला आहे : वेल्समधल्या लॅनेली गावी स्टेपनी स्ट्रीटवरच्या एका दुकानाने १९०४ च्या सुमारास जादा चाक विकावयास काढले. इंग्लंड ते नाव विसरले, आपण विसरलो नाही.) गिअरच्या पारंपरिक चेतकचे उत्पादन २००५ च्या सुमारास थांबले, आणि थोड्याच वर्षांत भंगारात किलोवर गेलेल्या स्कूटरचा सांगाडा शोधत हौशी लोक फिरू लागले. वडिलांच्या हाताखाली धरलेला पाना पुन्हा हातात घेण्याची ती सबब होती. २०२० मध्ये ‘चेतक’ हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आले. तिच्यात घासावयास प्लग नाही.

गरज संपली आणि हौस सुरू झाली, तेव्हा प्रश्नही बदलला. हौशी माणूस विचारतो : ही गाडी मूळची कशी होती? जीपच्या बाबतीत या प्रश्नाला फार नेमके उत्तर देता येते. विलीजच्या चॅसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा, फोर्डचा चौकोनी घडणीचा. फोर्डने आपल्या गाडीच्या बोल्टांवर, कड्यांवर, अगदी छोट्या पट्ट्यांवरही ‘एफ’ हे अक्षर उमटविले होते. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर कारखान्याचे नाव दाबून उठविलेले असे. १९४२ मध्ये सैन्याने ते बंद करावयास लावले. जगभरचे जीपप्रेमी हे तपशील पोथीसारखे पाठ करतात आणि मोडक्या गाडीवरचा प्रत्येक परका बोल्ट काढून टाकतात.

आणि येथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वाहन ढळता कामा नये, असा या कलमाचा कडक अर्थ लावला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने प्राचीन वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळू शकतो; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे; गाडी प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, इंधन भरण्यासाठी, देखभालीसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. त्याच वर्षी वाहने मोडीत काढण्याचे नियमही लागू झाले, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले.

प्राचीन वाहनांच्या नियमांतील खरी अट निराळीच आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. चॅसिस, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मुंबईच्या एखाद्या बंगल्यात ऐंशी वर्षे झाकून ठेवलेली परदेशी मोटार या व्याख्येत सहज बसते. वर्धा जिल्ह्यात ऐंशी वर्षे राबलेली जीप बसत नाही, कारण ती राबली ती फेरफारामुळेच. इंजिन बदलले नसते तर ती १९७५ च्या आसपासच भंगारात गेली असती. कारखान्याबाहेर न पडलेल्या वस्तूला इतिहासाचा मान आणि इतिहास अंगावर झेललेल्या वस्तूला मोडीचा रस्ता, असा हा उफराटा न्याय आहे. प्राचीन वास्तूंच्या बाबतीत अभ्यासकांनी हा घोळ बऱ्याच अंशी सोडविला आहे. यादवकालीन देवळाला मराठा काळात विटांचे शिखर चढले, म्हणून कोणी ते शिखर पाडून देऊळ ‘मूळ’ करावयास सांगत नाही. यंत्रांच्या वाट्याला अजून ती समज आलेली नाही.

हौशी मंडळींचीही यातून सुटका नाही. डिझेल इंजिन, लाकडी बाक, लांबविलेला पत्रा हे सगळे काढून, बाहेरून मागविलेला नवा पत्र्याचा सांगाडा चढवून १९४४ ची जीप उभी करता येते. ती सुंदर दिसते. तिच्या बॉनेटवर पांढरा तारा रंगविता येतो. पण नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची एखादी जीप आणि ही, यांत मग काही फरक उरत नाही, आणि विदर्भातल्या मिस्त्रीचे पन्नास वर्षांचे हस्ताक्षर किलोवर विकले जाते. उलट सगळे जसेच्या तसे ठेवले, तर आरटीओच्या कागदावर गाडीला नाव नाही. अनेक गाड्यांचे नोंदणीपुस्तकही बेपत्ता असते. १९८९ च्या सुमारास वाहनक्रमांकांची पद्धत बदलली. वर्ध्याच्या वाट्याला पुढे एमएच ३२ हा क्रमांक आला. शेतातल्या गोठ्यात चिंचेच्या झाडाखाली उभ्या असलेल्या गाड्यांचे जुने क्रमांक कोणी नव्याने चढविलेच नाहीत. अशी गाडी विकत घेणारा लोखंड विकत घेतो, वाहन नव्हे.

काही जाणते दुरुस्तीकार मधला मार्ग धरतात. बदललेला भाग काढावा लागला तर तो टाकून न देता चिठ्ठी बांधून ठेवतात. वेल्डिंगचे टाके घासण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेतात. आणि रंग एका दमात न खरवडता हाताच्या तळव्याएवढ्या एका जागी पायरीपायरीने उतरवितात. तेथे वरचा पांढरा निघतो, खाली करडा लागतो, त्याखाली गंजरोधक तांबडा, आणि सर्वांत तळाशी सैन्याचा फिका हिरवा. त्या चौकोनाला पारदर्शक वार्निश मारून उरलेली गाडी रंगविली जाते. मडगार्डच्या आतल्या बाजूचा एखादा बोल्ट कधी कोणी बदललेला नसतो. दिव्याच्या उजेडात त्याच्यावरचे ‘एफ’ अक्षर अजून वाचता येते, आणि त्याच्या शेजारच्या भोकात हिंगणघाटच्या किंवा वर्ध्याच्या कोण्या लेथवर वळविलेला, अक्षर नसलेला, पण आट्यांत बरोबर बसलेला दुसरा बोल्ट असतो.